शिष्यवृत्तीची दोरी

विस्कॉन्सिन विद्यापीठाने जून २०२५ मध्ये मायामी विद्यापीठाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. भांडण संशोधनाच्या श्रेयाचे नव्हते, की एखाद्या पेटंटच्या मालकीचेही नव्हते. विस्कॉन्सिनच्या अमेरिकन फुटबॉल संघातील एक विद्यार्थी त्याच वर्षी जानेवारीत मायामीला निघून गेला आणि मायामीने त्याला फूस लावली, असा विस्कॉन्सिनचा आरोप होता. विद्यार्थ्याने दोन वर्षांच्या करारावर सही केली होती, असे विस्कॉन्सिनचे म्हणणे. त्याने जाण्याची इच्छा व्यक्त केल्यावर विद्यापीठाने त्याचे नाव बदली इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या यादीत टाकण्यास नकार दिला. तेव्हा त्याने विस्कॉन्सिनमधून नाव काढून घेतले आणि मायामीत साध्या विद्यार्थ्याप्रमाणे प्रवेश घेतला.

एका विद्यार्थ्याने महाविद्यालय बदलले म्हणून दोन विद्यापीठांनी एकमेकांविरुद्ध कोर्टाची पायरी चढावी, हे भारतीय वाचकाला काहीसे चमत्कारिक वाटेल. मात्र अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राच्या दृष्टीने हा वाद नवा नाही. खेळाडूने महाविद्यालय बदलावे की नाही, बदलल्यास त्याला शिष्यवृत्ती मिळावी की नाही आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाला, हा प्रश्न तेथे गेली अनेक दशके धुमसत आहे. २०१८ ते २०२४ या सहा वर्षांत खेळाडूंवरील जवळजवळ सर्व जुनी बंधने एकामागून एक गळून पडली. त्यामुळे न्याय झाला, असा सर्वसाधारण समज झाला. विस्कॉन्सिनचा दावा आणि त्यानंतरच्या घडामोडी पाहता तो समज घाईचा होता, असेच म्हणावे लागते.

सोडपत्राचा कारभार

अमेरिकेत विद्यापीठांच्या क्रीडा स्पर्धांचा कारभार प्रामुख्याने नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन, अर्थात एनसीएए ही संस्था पाहते. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या सर्वोच्च, म्हणजे पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक विद्यापीठे आहेत. त्यांपैकी बहुतेक विद्यापीठे उत्तम खेळाडूंना शिष्यवृत्ती देतात. शिक्षणशुल्क, निवास, भोजन आणि पुस्तके यांचा खर्च त्यातून भागतो. मध्यमवर्गीय कुटुंबालाही अमेरिकेतील उच्च शिक्षणाचा खर्च झेपत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या शिष्यवृत्तीचे मोल कळते.

हा खेळाडू दुसऱ्या विद्यापीठात जाऊ इच्छित असेल, तर २०१८ पर्यंत त्याच्यापुढे दोन अडथळे असत. पहिला अडथळा एका वर्षाच्या सक्तीच्या विश्रांतीचा. फुटबॉल, पुरुष व महिला बास्केटबॉल, बेसबॉल आणि पुरुषांची आइस हॉकी या पाच खेळांत नव्या विद्यापीठात आलेल्या खेळाडूला वर्षभर सरावाची मुभा असे, सामना खेळण्याची नसे. इतर खेळांत एका बदलीपुरती यातून सूट मिळे. दुसरा अडथळा अधिक जाचक होता आणि तो सर्वच खेळांना लागू होता. नव्या विद्यापीठाशी बोलणी करण्यासाठी जुन्या विद्यापीठाची लेखी परवानगी लागे. ती न मिळाल्यास खेळाडू जाऊ शकत असे. पण नव्या ठिकाणी त्याला एक वर्ष क्रीडा शिष्यवृत्ती घेता येत नसे. म्हणजे दार उघडे होते, परंतु बाहेर पडणाऱ्याने वर्षभराचा खर्च खिशातून करायचा होता.

आपल्याकडे फी थकली म्हणून दाखला अडवून ठेवणाऱ्या शिक्षणसंस्था वाचकांना परिचित आहेत. क्रिकेटमध्येही राज्य संघटना बदलताना मूळ संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. यशस्वी जयस्वालने एप्रिल २०२५ मध्ये गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबई क्रिकेट संघटनेकडे असे प्रमाणपत्र मागितले होते. पुढच्याच महिन्यात त्याने ते मागे घेतले. मात्र क्रिकेटपटूचे शिक्षण त्या कागदावर अवलंबून नसते. अमेरिकेत नेमके तेच पणाला लागलेले असे.

हा अधिकार विद्यापीठांनी कसा वापरला, याचे दाखले बोलके आहेत. आयोवा राज्यातील सीडर रॅपिड्सचा जॅरॉड यूथॉफ विस्कॉन्सिनच्या बास्केटबॉल संघात दाखल झाला होता. पहिल्या हंगामात एकही सामना न खेळता २०१२ मध्ये त्याने संघ सोडण्याचे ठरवले. प्रशिक्षक बो रायन यांनी त्याला अनेक विद्यापीठांची दारे बंद केली. ज्या गटात विस्कॉन्सिन खेळते त्या बिग टेन गटातील सर्व विद्यापीठे त्यात होतीच, शिवाय एका दुसऱ्या संपूर्ण गटालाही मनाई होती. माध्यमांतून टीकेची झोड उठल्यावर यादी छाटून बिग टेनपुरती ठेवण्यात आली. यूथॉफला घराजवळच्या आयोवा विद्यापीठात जायचे होते आणि आयोवा बिग टेनमध्येच येते. तो गेला आणि पहिल्या वर्षाचा खर्च त्याच्या कुटुंबाने उचलला. ज्या कुटुंबाला हे शक्य नव्हते, त्यांच्या मुलांनी काय केले याच्या बातम्या झाल्या नाहीत.

कॅन्सस स्टेट विद्यापीठाचे नाव या संदर्भात दोनदा गाजले. स्पेनच्या कॅनरी बेटांवरून आलेली लेतिसिया रोमेरो तेथे महिला बास्केटबॉल खेळत होती. तिला आणणाऱ्या प्रशिक्षक डेब पॅटरसन यांना विद्यापीठाने मार्च २०१४ मध्ये पदावरून दूर केले. ज्यांच्या भरवशावर ही मुलगी महासागर ओलांडून आली, त्याच राहिल्या नाहीत, म्हणून तिने सोडपत्र मागितले. विद्यापीठाने ते नाकारले आणि अपिलातही नकार कायम ठेवला. बराच गदारोळ झाल्यावर तिला परवानगी मिळाली व ती फ्लोरिडा स्टेटला गेली. तीन वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच विद्यापीठाचा फुटबॉलपटू कोरी सटन याने आपल्याला चालतील अशा ३५ विद्यापीठांची यादी दिली. प्रशिक्षक बिल स्नायडर यांनी ३५ च्या ३५ नाकारली. या प्रकरणातही वृत्तपत्रांतून बभ्रा झाल्यावरच माघार घेण्यात आली.

या तिन्ही प्रकरणांत एक गोष्ट समान आहे. नियमाने संस्थेला कारण देण्याची सक्ती केलेली नव्हती, आणि निर्णय बदलला तो सार्वजनिक नाचक्की झाल्यामुळे. नाचक्की करण्याइतके नाव ज्याचे नाही त्याला हा मार्ग उपलब्ध नव्हता. भालाफेक करणाऱ्या विद्यार्थ्याच्या सोडपत्रासाठी कोणती दूरचित्रवाहिनी चर्चा घडवून आणणार?

एक वर्षाचे वचन

नियमाच्या समर्थकांची बाजू पूर्णपणे पोकळ नव्हती, हेही नमूद करायला हवे. संघ बांधणे हे वर्षानुवर्षांचे काम असते. छोट्या विद्यापीठाने एखाद्या होतकरू मुलाला दोन वर्षे घडवावे आणि त्याला बहर येताच बड्या विद्यापीठाने उचलून न्यावे, यात छोट्या संस्थेवर अन्याय आहेच. शिवाय विद्यापीठ बदलताना आधीच्या अभ्यासक्रमाचे सर्व श्रेयांक नव्या ठिकाणी मान्य होत नाहीत. वर्षभर न खेळल्यास विद्यार्थ्याला नव्या वातावरणात स्थिरावता येते आणि अभ्यास सावरता येतो, असा एनसीएएचा युक्तिवाद असे.

हा युक्तिवाद एका साध्या प्रश्नापाशी अडखळतो. अभ्यासासाठी वर्षाची विश्रांती इतकी हितकारक होती, तर ती पाचच खेळांतील मुलांना का? जलतरणपटूला किंवा टेनिसपटूला श्रेयांकांची अडचण येत नाही काय? ज्या खेळांवर ही सक्ती होती, त्यांत फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉल हे विद्यापीठांना सर्वाधिक पैसा मिळवून देणारे दोन खेळ होते. हा योगायोग मानणे अवघड आहे.

खरा पेच मात्र आणखी खोलवर आहे. बांधिलकीची अपेक्षा करणाऱ्याने स्वतः किती बांधून घेतले होते, हे पाहणे उद्बोधक ठरेल. एनसीएएने १९५६ मध्ये क्रीडा शिष्यवृत्तीला रीतसर मान्यता दिली, तेव्हा ती चार वर्षांसाठी देता येत असे. १९७३ मध्ये नियम बदलला आणि शिष्यवृत्ती एका वर्षाची झाली. दरवर्षी तिचे नूतनीकरण करायचे की नाही, हे विद्यापीठ ठरवणार. व्यवहारात प्रशिक्षक ठरवणार. मुलगा जखमी झाला, अपेक्षेइतका चमकला नाही किंवा नव्या प्रशिक्षकाच्या मनात भरला नाही, की त्याचे नूतनीकरण थांबवता येत असे. टेक्सासमधील राइस विद्यापीठाचा फुटबॉलपटू जोसेफ ॲग्न्यू याच्या बाबतीत असेच घडले. प्रशिक्षक बदलले, दुखापती झाल्या आणि शिष्यवृत्ती बंद झाली. त्याने एक वर्षाच्या मर्यादेविरुद्ध दावा लावला. २०१२ मध्ये अपील न्यायालयात तो हरला.

म्हणजे संस्थेचे वचन एका वर्षाचे आणि विद्यार्थ्याची बांधिलकी संपूर्ण शिक्षणाची! संस्थेने मुलाला काढले तर संस्थेला दंड नाही. मुलाने संस्था सोडली तर त्याचा एक हंगाम किंवा एक वर्षाची शिष्यवृत्ती, प्रसंगी दोन्ही, गेली. कोणत्याही करारात एक पक्ष दुसऱ्याला बांधून ठेवू शकतो. परंतु त्या बदल्यात स्वतःही बांधला जातो. येथे तसे नव्हते. जुन्या निर्बंधांतील अन्याय नेमका या एकतर्फीपणात होता. बदलीवर बंधन असावे की नसावे, हा प्रश्न त्यानंतरचा.

विद्यापीठांना हा एकतर्फीपणा किती सोयीचा होता, याचा पुरावा त्यांच्याच मतदानात सापडतो. एकापेक्षा अधिक वर्षांची शिष्यवृत्ती देण्याची मुभा देणारा नियम एनसीएएने २०११ मध्ये आणला. सक्ती नव्हे, केवळ मुभा. तोही रद्द व्हावा म्हणून फेब्रुवारी २०१२ मध्ये मतदान झाले. नियम रद्द होण्यास ६२.५ टक्के मते आवश्यक होती. विरोधात पडली ६२.१२ टक्के. केसभर फरकाने नियम वाचला. बहुसंख्य संस्थांना चार वर्षांचे वचन देण्याची मुभासुद्धा नको होती, हा या आकड्यांचा सरळ अर्थ आहे.

प्रशिक्षकांचा हिशेब निराळाच. नोव्हेंबर २०२१ मध्ये ब्रायन केली यांनी नोत्र दाम विद्यापीठ सोडून लुइझियाना स्टेटचा दहा वर्षांचा करार स्वीकारला. त्याच सुमारास लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून सदर्न कॅलिफोर्नियाला गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये केली यांना लुइझियाना स्टेटने दूर केले आणि त्यांची जागा लेन किफिन यांनी घेतली. किफिन यांनी मिसिसिपी विद्यापीठ सोडले ते ३० नोव्हेंबर २०२५ रोजी, त्यांचा संघ राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीच्या उंबरठ्यावर असताना. करार मोडण्याची भरपाई प्रशिक्षकालाही द्यावी लागते, हे खरे. पण ती बहुधा त्याचा नवा मालक भरतो आणि दुसऱ्या दिवसापासून तो मैदानावर उभा राहतो. वर्षभर बसून नव्या शहराशी जुळवून घ्या, असे त्याला कोणी सांगत नाही.

न्यायालयांनी काय केले

'विद्यार्थी-खेळाडू' हा जोडशब्द एनसीएएने १९५० च्या दशकात रूढ केला. कोलोराडोतील एका महाविद्यालयीन फुटबॉलपटूचा १९५५ मध्ये मैदानावरील दुखापतीने मृत्यू झाला आणि त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. खेळाडू हा विद्यार्थी आहे, नोकर नाही, ही भूमिका पुढे अर्धशतकाहून अधिक काळ एनसीएएचे कवच ठरली. या संस्थेचे १९५१ ते १९८७ पर्यंतचे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी स्वतः या शब्दाच्या प्रसारात पुढाकार घेतला होता. निवृत्तीनंतर १९९५ मध्ये त्यांनीच या व्यवस्थेवर कठोर टीका करणारे पुस्तक लिहिले, हा इतिहासाचा एक उपरोध.

बदलीचे नियम हेही याच कवचाखाली सुरक्षित होते. नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठाचा पीटर डेप्पी याला आयोवाला जायचे होते. एक वर्ष बसण्याच्या अटीमुळे आयोवाने त्याच्यातील रस सोडला. त्याने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा केला. जून २०१८ मध्ये सातव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने तो फेटाळला. खेळाडूच्या पात्रतेचे नियम महाविद्यालयीन खेळाचे वेगळेपण जपतात, म्हणून ते कायदेशीर मानावेत, असा निकालाचा आशय होता.

गंमत अशी की, त्याच जून महिन्यात एनसीएएने सोडपत्राची पद्धत आपणहून मोडीत काढली. १५ ऑक्टोबर २०१८ पासून खेळाडूने केवळ सूचना द्यायची आणि विद्यापीठाने कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचे नाव संगणकीय यादीत टाकायचे, अशी व्यवस्था सुरू झाली. हेच ते बहुचर्चित 'ट्रान्स्फर पोर्टल'. एप्रिल २०२१ मध्ये त्या पाच खेळांतही पहिल्या बदलीपुरती वर्षभराची विश्रांती रद्द झाली. दोन महिन्यांनी, २१ जून २०२१ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ऑलस्टन खटल्यात एनसीएएविरुद्ध एकमुखाने निकाल दिला. तो खटला शैक्षणिक लाभांवरील मर्यादेचा होता, बदलीचा नव्हता. पण एनसीएए कायद्यापेक्षा वेगळी नाही, हे त्यातून स्पष्ट झाले आणि जुन्या कवचाला तडा गेला.

शेवटचा घाव डिसेंबर २०२३ मध्ये बसला. दुसऱ्यांदा बदली करणाऱ्याला तोपर्यंत वर्षभर बसावेच लागे. सूट द्यायची की नाही, हे एनसीएए ठरवी. ज्याच्या संघाचा प्रशिक्षक सोडून गेला होता अशा रेक्वान बॅटल या वेस्ट व्हर्जिनियाच्या बास्केटबॉलपटूलाही ती नाकारली गेली. ओहायोसह सात राज्ये न्यायालयात गेली. न्यायाधीश जॉन प्रेस्टन बेली यांनी १३ डिसेंबर रोजी नियमाला तात्पुरती स्थगिती दिली. पुढच्या महिन्यात केंद्रीय न्याय खातेही राज्यांच्या बाजूने उभे राहिले. एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने माघार घेतली आणि अभ्यासातील प्रगती समाधानकारक असेल तर कितीही वेळा बदली करून लगेच खेळता येईल, असे ठरले. मे महिन्यात त्यावर तडजोडीची न्यायालयीन मोहोर उमटली.

दार उघडले, पाठीमागे बंद झाले

येथपर्यंतची कथा विजयाची आहे. पण पोर्टलच्या नियमांतील एका कलमाकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. नाव यादीत गेले, की चालू सत्र संपताच जुने विद्यापीठ त्या खेळाडूची शिष्यवृत्ती बंद करू शकते. त्याने नंतर विचार बदलला, तरी परत घेणे विद्यापीठावर बंधनकारक नाही. बड्या खेळाडूला याची चिंता नसते. यादीत नाव येताच त्याच्याकडे विचारणा सुरू होते. चिंता असते ती उरलेल्यांना. दरवर्षी हजारो नावे पोर्टलमध्ये जातात आणि त्यांपैकी अनेकांना नवे विद्यापीठ मिळत नाही, किंवा मिळते ते शिष्यवृत्तीशिवाय.

यावर उतारा म्हणून काही संरक्षणे आली आहेत, हे मान्य केले पाहिजे. २०१५ मध्ये पाच बड्या गटांनी मैदानावरील कामगिरीचे कारण देऊन शिष्यवृत्ती काढता येणार नाही, असा नियम केला. ऑगस्ट २०२४ पासून तो संपूर्ण पहिल्या श्रेणीला लागू झाला. १९७३ पासूनची एकतर्फी रचना कागदावर तरी यामुळे पालटली. कागदावर, कारण प्रशिक्षकाला आता काढण्याची गरजच उरलेली नाही. 'पुढच्या वर्षी तुला खेळायला मिळणार नाही, पोर्टलचा विचार कर,' एवढे सुचवले, की पुरते. मुलाने स्वतःच्या हाताने नाव दिले म्हणजे संरक्षण संपुष्टात येते.

परदेशी खेळाडूंची स्थिती अधिक नाजूक आहे. भारतातूनही असे विद्यार्थी तेथे जातात. दिल्लीचा उंच उडीपटू तेजस्विन शंकर हा कॅन्सस स्टेटच्या शिष्यवृत्तीवर शिकला आणि २०१८ व २०२२ मध्ये एनसीएएचा विजेता ठरला. अशा विद्यार्थ्याचा व्हिसा विद्यापीठातील पूर्णवेळ प्रवेशाशी जोडलेला असतो. दोन विद्यापीठांच्या मध्ये लटकलेल्या अमेरिकन मुलाचे पैसे बुडतात. परदेशी मुलाचा देशात राहण्याचा आधारच जातो. मैदानी खेळांत तर शिष्यवृत्ती पूर्ण असेल असेही नाही. २०२५ पूर्वी एका विद्यापीठाला पुरुषांच्या मैदानी स्पर्धा आणि क्रॉसकंट्री या सर्वांसाठी मिळून १२.६ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती, बेसबॉलसाठी ११.७. दोन-तीन डझन मुलांत त्या वाटल्या जात. अर्धी किंवा पाव शिष्यवृत्ती घेणाऱ्याच्या पायांतही सोडपत्राची बेडी तेवढीच जड होती, आणि पोर्टलमधील धोकाही तेवढाच आहे.

या सगळ्यात जून २०२५ च्या तडजोडीने नवी भर घातली. हाउस खटल्यातील या तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ६ जून रोजी मान्यता दिली. विद्यापीठे खेळाडूंना आता थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाची कमाल मर्यादा सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर ठरली. शिष्यवृत्त्यांच्या संख्येवरील मर्यादा गेली, मात्र संघातील खेळाडूंच्या संख्येवर आली. फुटबॉलच्या संघात १०५ पेक्षा अधिक मुले नकोत, असे ठरताच त्याहून मोठे संघ बाळगणाऱ्या विद्यापीठांनी शेवटच्या रांगेतील मुलांना वाट दाखवली. न्यायाधीशांनी यावर आक्षेप घेऊन तडजोड काही आठवडे रोखून धरली होती. अखेर, काढलेल्यांना मर्यादेबाहेर ठेवून परत घेता येईल, अशी सवलत देण्यात आली. पण घेता येईल, घ्यावेच लागेल असे नव्हे.

जुनी बेडी, नवा कागद

पैसे आले तसे करारही आले, आणि करारांबरोबर बांधून ठेवण्याची जुनी हौस परतली. विस्कॉन्सिनचा दावा हा त्याचा पहिला मोठा आविष्कार. जॉर्जिया विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाने २०२५ मध्ये मिसुरीला गेलेल्या आपल्या माजी बचावपटूकडून ३ लाख ९० हजार डॉलरची भरपाई मागितली. सोडपत्र गेले, त्याच्या जागी मुदतपूर्व करार मोडल्याचा दंड आला.

याला सरसकट अन्याय म्हणता येणार नाही. एखाद्या मुलाने लाखो डॉलर घेऊन दोन वर्षांची सही केली असेल, त्या सहीआधी वकिलाचा सल्ला घेतला असेल आणि विद्यापीठानेही दोन वर्षे पैसे देण्याचे बंधन स्वीकारले असेल, तर मध्येच उठून जाण्याची किंमत त्याने मोजावी, यात गैर काही नाही. येथे निदान देवाणघेवाण आहे. १९७३ नंतरच्या शिष्यवृत्तीत ती नव्हती. परंतु विद्यापीठे आपल्या कलमात काय लिहून घेतात, हे पाहावे लागेल. मुलाने सोडले तर दंड, आणि विद्यापीठाने वगळले तर काही नाही, अशी कलमे असतील, तर जुनाच नियम वकिलाच्या भाषेत लिहिला गेला असे होईल. खेळाडूंची संघटना नाही, सामूहिक वाटाघाटी नाहीत. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या बदलीवरही बंधने आहेत, पण ती त्यांच्या संघटनेने मान्य केलेली आहेत. विद्यापीठे मात्र खेळाडूला नोकर मानायला आजवर तयार झालेली नाहीत. नोकर म्हणायचे नाही आणि नोकरीची बंधने मात्र लावायची, ही कसरत न्यायालयात किती काळ टिकेल, याविषयी विधिज्ञांत मतभेद आहेत.

अनिर्बंध बदल्यांना कंटाळलेली विद्यापीठे काँग्रेसकडे डोळे लावून बसली. एनसीएएला मक्तेदारीविरोधी कायद्यापासून मर्यादित संरक्षण देणारे 'स्कोअर' विधेयक २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहात आले. डिसेंबरमध्ये ते मतदानाला येण्यापूर्वीच अडकले. त्याआधी जुलै २०२५ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी महाविद्यालयीन खेळांबाबत एक आदेशही काढला. या चर्चेत वारंवार विद्यापीठे बदलणाऱ्या फुटबॉलपटूंची उदाहरणे हमखास दिली जातात. ती खरी आहेत. पण नियम झाला, तर तो पहिल्या श्रेणीतील सर्व खेळाडूंना लागू होईल, आणि त्यांपैकी बहुसंख्य मुलांना कोणताही लाखाचा करार मिळालेला नाही. मूठभर तारांकित खेळाडूंच्या गैरवर्तनावर उपाय म्हणून सर्वांची दोरी आवळायची, ही चूक १९७० च्या दशकातही झाली होती, असे म्हणण्यास जागा आहे.

दरम्यान, फुटबॉलसाठी एनसीएएने पोर्टलची दारे वर्षातून एकदाच उघडण्याचे ठरवले आणि २०२६ साठी त्याची मुदत २ ते १६ जानेवारी अशी ठेवली. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांचे वसंत सत्र याच सुमारास सुरू होते. शेवटच्या दिवशी नाव देणाऱ्या मुलाने नवे विद्यापीठ शोधायचे, शिष्यवृत्तीचे लेखी आश्वासन मिळवायचे, करार वाचायचा आणि वर्गात हजर व्हायचे, हे सर्व काही दिवसांत. चार वर्षांत पदवीचा ठरावीक हिस्सा पूर्ण झाला पाहिजे, म्हणजे दुसऱ्या वर्षाअखेर ४० टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर ६० आणि चौथ्या वर्षाअखेर ८०, ही अट खेळाडूला आहेच. जुन्या विद्यापीठातील किती श्रेयांक नव्या पदवीत धरले जाणार, याचा अंतिम हिशेब मात्र बहुधा प्रवेश झाल्यानंतरच त्याच्या हाती पडतो.